भोक नसलेला डबा

हे मी आजवर कुणापुढं बोलले नाही. नवरा होता तोवर त्याला सांगितलं नाही. देवाला तर मुद्दामच नाही, कारण आमच्या देवघराची भिंत जावेच्या स्वयंपाकघराला लागून आहे आणि मला हळू आवाजात बोलता येत नाही. तुम्ही दूरचे. तुम्हाला सांगते.

चूक तशी हसण्यासारखीच. एका पोराला मी पोहायला शिकवलं, आणि शिकवताना भोकाच्या डब्याऐवजी बिनभोकाचा डबा त्याच्या पाठीला बांधला. एवढंच. हसलात ना? मीही हसले होते. पुष्कळ वर्षं हसले.

माझं माहेर कयाधू नदीच्या काठचं. चालायच्या आधी पोहले असेन. सासर मिळालं हिंगोलीकडच्या पुसेगावच्या पुढचं — नदी नाही, ओढा नाही, पाणी म्हणजे विहिरीतलं तेवढं. तिथल्या बायका विहिरीत डोकावतानासुद्धा काठ धरून डोकावायच्या. आणि मी? लुगड्याचा काचा मारून मोटेचं पाणी पडतं त्या वरच्या थारोळ्यावरून धाडकन उडी. सासू म्हणायची, "ही सून केली का बेडूक आणला?" मला ते फार आवडायचं. तेव्हाची मी म्हणजे, काय सांगू, चारचौघांनी बघावं म्हणून जगणारी बाई. कुणी बघत नसेल तर मी धड पाणीही शेंदत नव्हते.

गजा माझ्या धाकट्या जावेचा मुलगा. कौसल्याचा. एकुलता. मला मोठी माय म्हणायचा, आमच्याकडं थोरल्या चुलतीला तसंच म्हणतात. नऊ वर्षांचा असेल, पाण्याला भिणारा. आणि मी एकदा विहिरीवर, धुणं धुणाऱ्या सात-आठ बायकांसमोर बोलून बसले: "आखितीच्या आत याला पोहणारा करते. न्हाई केला तर पुन्हा विहिरीत पाय घालणार न्हाई."

आमच्या गावची रीत अशी होती. लेकराच्या पाठीला रिकामा पत्र्याचा डबा बांधायचा, तोंड डांबरानं बंद केलेला. डबा तरंगतो, लेकरू तरंगतं, हातपाय मारायला शिकतं. मग शेवटी त्या डब्याला खिळ्यानं भोक पाडायचं. लेकरू पाण्यात उतरलं की डब्यात हळूहळू पाणी भरतं, आणि त्याला कळायच्या आत ते स्वतःच्या बळावर तरंगत असतं. भोकाच्या डब्यावर विहीर पार केली की पोरगं पोहणारं. गावानं तसं मानायचं. मग कुणी विचारत नसे.

गजा भोकाच्या डब्यावर दोनदा बुडाला. दोनदा मी केसाला धरून वर काढला. आखिती, म्हणजे अक्षय तृतीया, दोन दिवसांवर. वेळ द्यायला हवा होता — एवढंच हवं होतं, आणखी आठ-दहा दिवस. पण मग विहिरीवर त्या बायका काय म्हणाल्या असत्या?

माझ्याकडं तुपाचे दोन पिवळे डबे होते, एकसारखे. आखितीच्या सकाळी अर्धं गाव विहिरीच्या काठावर. मी भोकाचा डबा सगळ्यांना दाखवला, बोट घालून दाखवला, गजालाही दाखवला. मग खाली पायरीवर त्याच्याकडं वळले आणि धुण्याखाली झाकून ठेवलेला दुसरा बांधला. पोरगं विहीर पार करून गेलं. एकदा नाही, तीनदा. लोकांनी शिट्ट्या मारल्या. कौसल्यानं त्याच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. आणि तो वर आला तो थेट माझ्या गळ्यात — ओला, थरथरत — "मोठी माय, डब्यात पाणी भरलं व्हतं ना? मी माझा मीच पोहलो ना?"

"व्हय," मी म्हणाले.

पुढच्या उन्हाळ्यात नीट शिकवीन, असं मनात होतं. पुढच्या उन्हाळ्यात विहिरीनं तळ दाखवला. त्याच्या पुढच्या वर्षी तो शाळेला हिंगोलीत गेला. मग मिसरूड फुटलेल्या पोराला चुलतीनं काय शिकवायचं? अशी एकेक सबब. खरं म्हणजे मी विसरले होते. खरंच विसरले होते का? तो दरवर्षी कुणालातरी सांगायचा, "आपण भोकाच्या डब्यावर पास झालेलो." तेव्हा मी दुसरीकडं बघायचे. विसरलेलं माणूस दुसरीकडं कशाला बघेल?

तो कनेरगाव नाक्यावरच्या एका ढाब्यावर स्वयंपाकाला लागला. हाताला चव होती. तिथं जेवायला थांबणाऱ्या कुणा ट्रकवाल्याच्या ओळखीनं पुढं बंदरावर गेला, आणि तिथून एका मालवाहू जहाजावर, भटारखान्यात. जाण्याआधी पाया पडायला आला. बावीस वर्षांचा उंचापुरा बाप्या. हसत म्हणाला, "तिथं इचारलं, पोहता येतं का. मी म्हणलो, येतं. मोठ्या मायनं शिकवलंय."

मी त्याच्या हातावर लाडू ठेवला.

त्या क्षणी सांगता आलं असतं. उंबऱ्यात उभी होते. कौसल्या शेजारी होती, कौतुकानं फुललेली, म्हणून नाही सांगितलं. आणि मनात म्हणाले — ऐका, एक्कावन्न वर्षांच्या त्या बाईची अक्कल ऐका — एवढं मोठं लोखंडाचं जहाज, त्यावर भात शिजवायला कशाला पोहता यायला लागतं?

सात महिन्यांनी निरोप आला. वादळात जहाज बुडालं, कोकणाच्या समोर. काही माणसं जिवंत सापडली होती, काहींची प्रेतं. गजाचं नाव दोन्ही याद्यांत नव्हतं.

आम्ही तिघं निघालो. कौसल्या, तिचा नवरा म्हणजे माझे भाऊजी, आणि मी. हिंगोलीच्या स्टँडवरून बसलो, चार गाड्या बदलल्या. कौसल्यानं पिशवीत गजाचा धुतलेला शर्ट-पँट घेतला होता. "ओलं असंल पोरगं," म्हणाली. तिच्या मांडीवर ती पिशवी सगळी वाट.

समुद्र आम्ही तिघांनीही तोवर पाहिला नव्हता. मी, पाण्यात वाढलेली, बेडूक म्हणवून घेणारी — मी तो पाहिला आणि तिथंच वाळूत बसले. कौसल्या मात्र सरळ गेली, ओंजळीत पाणी घेतलं, तोंडाला लावलं आणि थुंकली. "लई खारट हाय वं, अक्का. त्याला तहान लागली तर?"

एका कोळी तांडेलानं आम्हाला त्याच्या होडीवर घ्यायचं कबूल केलं. म्हातारा, कमी बोलणारा. निघायच्या आधी त्यानं एकच विचारलं: पोराला पोहता येत होतं का? येत असेल तर उत्तरेकडच्या खाड्या आणि बेटं बघू, लाट आणि वारा तिकडंच नेतात, पोहणारं माणूस तिकडं लागलेलं असू शकतं. आणि नसेल तर — जाळ्याची गाठ सोडत राहिला.

कौसल्यानं माझ्या दंडाला धरलं होतं. मी म्हणाले, "येतं. चांगलं येतं."

पण हे अजून ते नाही. मी ज्याच्याभोवती फिरून राहिले आहे ते पुढं आहे.

तिसऱ्या दिवशी कळलं की वाचलेल्यांतला एकजण एका दवाखान्यात आहे, जहाजावरचाच, भटारखान्यातला. गेलो. आत एकालाच सोडत होते. कौसल्या दारातच बसली. "तुमी जा, अक्का. माझे पाय जाईनात." भाऊजींनी भिंतीकडं तोंड केलं. मी गेले.

माणूस पन्नाशीचा होता, बंगालकडचा, ओठ सोललेले. मी गजाचा फोटो दाखवला तर रडायलाच लागला. मोडक्या हिंदीत सांगत होता. पाण्यावर तरंगायची जाकिटं कमी पडली होती. गजाच्या हाताला एक लागलं होतं. त्यानं ते याच्या गळ्यात घातलं. मी त्या माणसाचे शब्द तसेच सांगते, ते माझ्या कानातून गेलेले नाहीत: "बोला, चाचा, तुम पहनो, मेरे को तैरना आता है. फिर कूद गया. दो हाथ मारा. फिर नहीं दिखा."

दो हाथ मारा.

व्हरांडा लांब होता. टोकाला ती दोघं. कौसल्या उभी राहिली होती, पिशवी छातीशी धरून. त्या व्हरांड्यात मला किती पावलं मिळाली असतील — चाळीस? तेवढ्यात मी काय ठरवलं म्हणता? तिला वाचवायचं ठरवलं? नाही. तसं मी मला खूप दिवस सांगून पाहिलं. खरं असं की ती पुढं विचारणार होती: पोहता येत असून दोनच हात कसे मारले? आणि त्याचं उत्तर पिवळं होतं, एकसारख्या दोन डब्यांतलं एक होतं, ते माझ्याजवळ होतं.

मी म्हणाले, "त्या माणसानं पाहिलं त्याला. किनाऱ्याकडं पोहत निघाला व्हता."

त्या एका वाक्यावर आम्ही एकोणीस दिवस शोधलं.

भाऊजी रोज होडीवर जायचे. समुद्र बाधायचा, ओकायचे, तरी जायचे. तांडेलानं त्यांना त्यांच्याच उपरण्यानं डोलकाठीला बांधून ठेवलं होतं, आणि ते तिथून हाका मारायचे. शेताच्या या बांधावरून त्या बांधाला मारतात तशा. गजाऽ, गजा रेऽ. पाण्यावरून हाक परत येत नाही हे त्यांना तिथं कळलं. आठव्या दिवशी आवाज बसला. तो पुढं मरेपर्यंत धड उघडला नाही.

आम्ही दोघी काठानं. एक खाडी, मग डोंगर, मग दुसरी खाडी. मासळीच्या वासानं पहिल्या दिवशी उलट्या करणारी माळकरी कौसल्या शेवटी मासळी निवडणाऱ्या बायकांत जाऊन बसायची, त्यांना फोटो दाखवायची, सांगायची, "पोहून आलंय वं लेकरू. कुणाच्या घरी असंल. नाव सांगता येत नसंल." त्या बायका माझ्याकडं बघायच्या. मी होय म्हणून मान हलवायचे. एका वाडीत तिला काळी चप्पल सापडली, वाळूत अर्धी रुतलेली. गजाची नव्हती, मापानंच कळत होतं. तीही धुऊन तिनं पिशवीत घातली.

दहाव्या दिवशी तांडेल मला बाजूला घेऊन म्हणाला की आता माणसं घरी नेलेली बरी. मी म्हणाले, आईचं मन आहे, अजून थोडं बघू. आईचं मन! ढाल म्हणून मी कौसल्याचं मनही वापरलं. तो होडीकडं गेला. मग नांगर उचलला.

वीसेक वर्षं झाली. भाऊजी गेले. गजाचं तेरावं अजून घातलेलं नाही. पितृपक्ष आला की भावकीतलं कुणीतरी विषय काढतं, आणि कौसल्या ताटावरून उठते. "पोहत निघालेल्या माणसाचं पान कसं वाढता?" म्हणते. मग सगळे माझ्याकडं बघतात, मी थोरली ना, मी समजावावं. मी डाळीत लिंबू पिळते.

किती वेळा निघाले सांगायला. भिंतीपलीकडं तिची भाकरी थापल्याचा आवाज येतो, उठते, तिच्या दारापर्यंत जाते, आणि मीठ मागून परत येते. माझ्याकडं मीठ किती साठलंय ते येऊन बघा.

परवा नात आली, मुलीची मुलगी, नऊ वर्षांची. यंदा विहीर भरलेली आहे. शेजारच्या अंगणात बसून कौसल्यानं तिला सगळं सांगितलं: मी कशी उडी मारायचे, सासू काय म्हणायची, गजानं तीनदा विहीर कशी पार केली. पोरगी धावत आली, "आजी, मलापण!" तिच्या मागं कौसल्या आली. गुडघे दुखतात तिचे, भिंतीला धरत आली. तिच्या हातात आमच्या सामाईक माळ्यावरून काढलेला डबा होता, पिवळा, रंग उडालेला. मी त्याला भोक शोधत होते. लांबून दिसत नव्हतं.

तिनं तो माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "अक्का, हिला दुसऱ्या कुणाकडं देऊ नका. आपल्या गजाला शिकवलं तसंच शिकवा."