त्या सकाळी आबांचं बीपी

ईरा, निहार,

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या बाबांना नाही, माझ्या सख्ख्या बहिणीला नाही, आणि ज्यांना सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं त्या तुमच्या आबांना तर नाहीच. आबा गेल्यावर मी मनाशी म्हटलं — आता सांगून कुणाचं काय भलं होणार? वर्षभर तेच म्हणत राहिले. त्या म्हणण्याचा मला फार आधार होता.

मग आबांचं वर्षश्राद्ध आलं. तुम्ही सगळे व्हिडिओवर होतात. प्रत्येकानं आबांची एकेक आठवण सांगितली. निहार, तू त्यांनी ओट्यावर बसून हाका मारत तुला रिव्हर्समध्ये ट्रॅक्टर चालवायला शिकवल्याचं सांगितलंस. ईरा, तू एवढंच म्हणालीस — "मी आबांना वेफर्स दिले होते." सगळे हसले. कुणाला वाटलं तू गमतीत म्हणते आहेस. तू हसली नाहीस. मी तुझ्याकडे बघत होते, म्हणून मला दिसलं.

इतकी वर्षं ते तुझ्या मनात आहे, हे मला माहीत नव्हतं का? खरं सांगू — माहीत होतं. निदान शंका होती. मी ती उघडून पाहिली नाही.

हे इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं. बारामतीच्या शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. त्या भाषेत मला आपली चूक छान घडी घालून झाकता येते. म्हणून मराठीत लिहिते आहे. बाराखडी मीच तुम्हाला शिकवली आहे. सावकाश वाचा.

तुम्ही तेव्हा लहान होतात. ईरा आठ वर्षांची, निहार तर पाचच. बाबांनी आम्हाला जर्मनीला बोलावलं आणि भाड्याची मोठी गाडी घेऊन आपण सगळे आल्प्सच्या रस्त्यानं निघालो. ती तळी, ती हिरवी कुरणं, गाईंच्या गळ्यातल्या घंटा — फोटोंत सगळं आहे. फोटोंत मीही आहे, प्रत्येक फोटोत व्यवस्थित. सामानाची बांधाबांध माझी होती. प्रत्येकाच्या मोज्यांची वेगळी पिशवी, दशम्यांचा डबा, शेंगदाण्याची चटणी, औषधांचा बटवा आणि आबांचं बीपी मोजायचं मशीन. आबांना थोडं बीपी होतं, रोज सकाळी एक गोळी असायची. रोज सकाळी मी त्यांच्या दंडाला पट्टा बांधायची आणि आकडा वाचून दाखवायची. ते कधी चष्मा लावून बघायचे नाहीत. मॅडमनी सांगितलं म्हणजे झालं. लग्न झाल्यापासून ते मला मॅडमच म्हणायचे — निम्मं कौतुक, निम्मी चेष्टा.

आबांना त्या सहलीत एकच गोष्ट बघायची होती. अंथुर्ण्याची आपली जमीन कालव्याच्या शेवटाला आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. डाळिंबाची बाग त्यांनी त्या शेवटाच्या पाण्यावर उभी केली. वरच्या गावांचं भिजवून झालं की मग आपली पाळी. पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याची वाट बघत ते कितीदा बांधावर बसून राहिले असतील, कुणास ठाऊक. बाबांनी त्यांना फोनवर सांगितलं होतं, की एक घाटरस्ता पार वर बर्फाच्या नदीपर्यंत जातो. तेव्हापासून त्यांनी ध्यास घेतला होता. निमगाव केतकीच्या बाजारात भाजी घेता घेता ओळखीच्या माणसांना थांबवून सांगायचे, "पाणी म्हणं तितं डोंगरावर उभं ऱ्हातंय. ना पाळी, ना पाटकरी. एकदा डोळ्यानं बघाय पायजे." माणसं हसायची. आबाही हसायचे. पण ते थट्टेवारी बोलत नव्हते.

आता मुद्द्याकडे यायला हवं. मी अजून टाळते आहे, नाही का?

त्या मोठ्या घाटाच्या आदल्या दिवशी आपण एका लहान घाटातून गेलो. लहान म्हणजे तिथल्या मानानं. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला काहीच नाही — आणि मी खिडकीपाशी. मला उंचीची भीती वाटते, ही गोष्ट तोवर मलाच माहीत नव्हती. इंदापूर तालुक्यात उंच असं असतंच काय? मी डोळे घट्ट मिटून घेतले. आबांनी ते आरशात पाहिलं.

"मॅडम, डोळं झाकल्यावर वळणं सरळ व्हत्यात व्हय?"

सगळी गाडी हसली. तुम्हीही हसलात, आणि हसण्यासारखंच होतं ते. मीही हसले. म्हणाले, डोळ्यांत कचरा गेलाय.

बघा, तिथंच मला एक वाक्य बोलता आलं असतं — मला भीती वाटते, उद्या मी खालीच थांबते. एवढंच. तुमच्या बाबांनी मला एखाद्या छान कॉफीच्या दुकानात बसवलं असतं आणि तुम्ही सगळे वर गेला असता. आबांनी दोन दिवस चेष्टा केली असती. बस्स. पण मी वर्गात कधी घाबरले नव्हते, हेडमास्तरांपुढे घाबरले नव्हते, सासरी आल्यावर चुलीच्या धुराला आणि नणंदांच्या टोमण्यांना घाबरले नव्हते. सगळ्यांना धीर देणारी ती मी. ते वाक्य माझ्या तोंडातून निघेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा सगळ्यांच्या आधी तयार होते. कानटोपी घालून, बूट चढवून. मी रोजच्यासारखा पट्टा बांधला. मशीन घरघरलं, थांबलं. आकडा आला — एकशे अठ्ठावीस. बत्तीस नव्हे, अडतीस नव्हे, अठ्ठावीस. त्या सगळ्या सहलीत त्यांचं बीपी इतकं चांगलं एकदाही आलं नव्हतं.

मी मशीन बंद केलं आणि म्हणाले, "अहो, एकशे ऐंशी आहे."

लिहिलं एकदाचं.

ते क्षणात सुचलं नव्हतं. ब्रश करतानाच मी ठरवलं होतं. आकडासुद्धा ठरवला होता — दीडशे म्हटलं असतं तर आबा उडवून लावून निघाले असते, दोनशे म्हटलं असतं तर बाबांनी दवाखान्यात नेलं असतं. असा नीट हिशेब केला होता मी.

पुढचं तुम्हाला आठवत असेल. बाबा घाबरले, पुन्हा मोज म्हणाले. मी म्हणाले, लगेच मोजायचं नसतं, शांत पडू दे त्यांना. आबा म्हणत होते, "मला काय बी हुईना. चला तुमी." मग म्हणाले, "बरं, तुमी जावा समदी, मी हितं बसतो." पण बाबांनी सरळ सांगितलं की आबांना सोडून कुणी जाणार नाही. घाट रद्द झाला. परतीचं विमान जवळ आलं होतं. दुसरा दिवस हाताशी नव्हता, हेही मला माहीत होतं. मग तुमच्या आईनं विचारलं, काल रात्री आबांनी काय खाल्लं? आणि ईरा, तू खरं बोललीस. तू तुझ्या पुड्यातले खारे वेफर्स त्यांना दिले होतेस. आई तुला फार काही बोलली नाही. एवढंच म्हणाली — तुला सांगितलं होतं ना, आबांना खारट द्यायचं नाही? आबा लगेच म्हणाले, "न्हाय गं, मीच मागून घेतलं पोरीकडनं." पण तुझा चेहरा पडला तो पडलाच.

मी तिथंच होते. मशीनची नळी गुंडाळत होते.

घरी आल्यावर बारामतीच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. काही निघालं नाही. प्रवासात एखादे वेळी वाढतं, म्हणाले, काळजी करू नका. पण आबांचा डॉक्टरांपेक्षा माझ्यावर जास्त विश्वास होता. त्यांनी मोटारसायकलवरून शेतावर जाणं बंद केलं — वाटेत काही झालं तर? बाग वाट्यानं देऊन टाकली. ज्या माणसानं छाटणीच्या कात्रीला कधी दुसऱ्याचा हात लागू दिला नाही, तो माणूस ओट्यावर बसून डाळिंबाचे भाव ऐकायला लागला. लोणच्याची फोड घेण्याआधी माझ्याकडे बघायचे. आणि रोज सकाळी स्वतः होऊन दंड पुढे करायचे. तुम्ही नंतर सुट्टीत आलात, तेव्हा जे आबा पाहिलेत — हळू चालणारे, पायरीवर थांबून छातीला हात लावणारे — ते आजारानं तसे झालेले नव्हते. शेवटी ते गेले ते न्यूमोनियानं. बीपीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. आधीच्या कशाशीही नव्हता.

त्यांनी मला एकदा विचारलं होतं. आम्ही कळंबच्या एका लग्नाहून परत येत होतो, बाबांच्या मित्राच्या गाडीत, मागच्या सीटवर दोघंच. बाहेर उसाच्या गाड्या चाललेल्या. ते खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "त्या दिशी मला तर काय बी वाटत नव्हतं गं. चांगलं हलकं वाटत हुतं."

त्यांना संशय आला होता का? मला आजही कळलेलं नाही. कदाचित ते मला संधी देत होते. कदाचित नुसतंच बोलत होते.

मी म्हणाले, "बीपीचं काही वाटत नसतंच. म्हणून तर ते धोक्याचं." शाळेत एखादा नियम सांगावा तशी. ते म्हणाले, "व्हय. तुला ठावं." आणि पुन्हा बाहेर बघायला लागले.

पहिलं खोटं भीतीपोटी बोलले असं कुणी म्हणेल. या दुसऱ्या खोट्याच्या वेळी कसली भीती होती? गाडी सपाट रस्त्यावर होती.

ईरा, म्हणून हे तुझ्यासाठी अगदी स्पष्ट लिहिते. तुझ्या वेफर्सनी आबांना काहीही झालं नव्हतं. त्या सकाळी आबा ठणठणीत होते. मी खोटं बोलले. हे मी तुझ्या आई-बाबांनाही याच शब्दांत लिहिते आहे, आजच.

आणि एक राहिलं. तो दिवस आपण खाली तळ्याकाठी काढला. आबा बाकावर बसले होते, तोंड डोंगराकडे. गाड्या एकामागून एक वळणं घेत वर चालल्या होत्या, लहान लहान होत दिसेनाशा होत होत्या. तू त्यांच्या शेजारी बसलीस आणि दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरलंस — नाडी बघायला, टीव्हीत डॉक्टर बघतात तशी. निहारनं बोलावलं तरी खेळायला गेली नाहीस. आबा हात काढून घेत नव्हते. मी समोर सफरचंद कापत बसले होते. तुझ्याकडे बघून मी विचारलं, "काय डॉक्टरीणबाई, कशी आहे नाडी?"

तू बोटं आणखी घट्ट केलीस, डोळे मिटून मोजलंस आणि म्हणालीस, "आता थोडी बरी आहे, आजी."

मी म्हणाले, "शाबास." आणि तुला सफरचंदाची फोड दिली.