दौलतभाऊंची डावी दाढ

गेल्या महिन्यात सिंदीचे एक गुरुजी माझ्या वर्धेच्या दवाखान्यात आले होते. खुर्चीत बसले, आ केला, मी तोंडात कापूस कोंबला आणि पायाने दात कोरायचं यंत्र चालवायला लागलो. गुरुजींचे डोळे सारखे काहीतरी सांगू पाहत होते. दुखतंय का, म्हणून विचारलं तर मान हलवून नाही म्हणाले. शेवटी चूळ भरून झाली तेव्हा बोलले, "डॉक्टर, दौलतभाऊ गेले... परवा. बाजारातच छातीत कळ आली." गुरुजींचा दात अर्धा कोरलेला होता, तो पुरा करणं भाग होतं. पुरा केला, मग आत जाऊन बसलो.

दौलतभाऊ सिंदीच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाचे पारखी होते. शेतकऱ्याची बैलबंडी पुढ्यात आली की कोपरापर्यंत हात घालून तळाचा कापूस काढायचे, त्यातली सरकी सोडवून दाढेखाली धरायचे. कट् असा आवाज आला म्हणजे माल वाळलेला. सरकी नुसतीच दबली म्हणजे ओला, भाव उतरला. शेठ आणि शेतकरी दोघंही कान देऊन उभे असायचे. वर्षभराच्या राबण्याचा निकाल त्या एका आवाजावर लागायचा आणि पुढे कोणी हूं की चूं करायचं नाही. एवढा त्या माणसावर भरवसा. साहजिकच त्यांचं पोट त्यांच्या दोन दाढांवर होतं, एक डावी, एक उजवी. बाकीच्या आधीच गेल्या होत्या.

मी तेव्हा मुंबईहून नुकता शिकून आलेला, अंगात नुसती मस्ती. आठवड्यातून एकदा सिंदीला जाऊन बसायचो. दौलतभाऊंच्या डाव्या दाढेत पूर्वी कुणीतरी चांदी भरलेली होती, तिचा कडेला तांदळाएवढा टवका उडाला होता. बाकीची चांदी घट्ट, खाली कीड नाही. तेवढी कड बुजवली असती तरी भागलं असतं. पण ठिगळ लावणं मला कमीपणाचं वाटायचं. म्हणालो, सगळं उकरून नवं भरू. त्यांनी शांतपणे विचारलं, "जुनी काढा लागंन तं तिच्यासंगं माहा दातबी जाईन नं थोडासा?" मी म्हटलं, जाईल थोडासा, त्याचं काय एवढं! दोन वर्षांनी पुन्हा कड उडाली आणि मी पुन्हा सगळं उकरलं. दर वेळी जुनी चांदी काढताना भोवतालचा चांगला दात खरवडला जातो, खड्डा मोठा होतो, भिंती पातळ होतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण चकचकीत नवी चांदी पाहिली की मलाच बरं वाटायचं.

त्याच हंगामात सरकी फोडताना ती दाढ उभी चिरली. उपटावी लागली. दौलतभाऊंनी ती तळहातावर घेऊन उलटीपालटी केली. मध्ये चांदीचा गोळा आणि भोवती दाताची नुसती सालटं... "याच्यात माहं किती अन् तुमचं किती, डाक्टर?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग आला तो मला. सरकी फोडत बसता, दुसरं काय होणार, असं मी त्यांनाच सुनावलं. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

पुढच्या वर्षी उजव्या दाढेतली जुनी चांदीही कडेला फुटली. आता ती एकच उरली होती. ती गेली की पारख गेली, नोकरी गेली. मी सवयीने यंत्राकडे हात नेला, तर त्यांनी माझं मनगट धरलं. "जिनातला रोलर दर खेपेले घासला का बारीक होत जाते, डाक्टर. आमी उगीच घासत नाई. फुटलं तेवढंच भरा. निघालं तं पुन्हा येतो म्या, मले यायचा कंटाळा नाई." मी चडफडत दाढ तपासली. खाली कीड निघाली तर सगळं काढावंच लागेल, हेही स्पष्ट सांगितलं. म्हणाले, "तसं असंन तं काढा. पण उगीच नाई." कीड नव्हती. फुटलेली कड साफ करून तेवढीच भरली. त्यानंतर दरवर्षी दसऱ्याच्या आधी ते न चुकता यायचे. कधी नुसतं घासून गुळगुळीत केलं, एकदा पुन्हा लहानसं ठिगळ लावलं. ती दाढ शेवटपर्यंत त्यांच्या तोंडात शाबूत होती, आणि गेली ती त्यांच्यासोबतच. तिच्यामुळे माझ्या इतर रोग्यांचेही कितीतरी दात माझ्या हातून वाचले.

मागच्या रविवारी सिंदीला दौलतभाऊंच्या घरी जाऊन त्यांच्या पत्नीला, सुभद्रावहिनींना, भेटून आलो. चहा झाल्यावर त्या म्हणाल्या, "भाऊ, एक गोष्ट पोटात आहे. ती डावी दाढ गेली तवा यायनं साऱ्या बाजारात सांगतलं का सुपारी फोडता फोडता गेली. सुपारी तं यायनं जन्मात खाल्ली नाई." मग त्यांनीच पुढे सांगितलं, "म्या इचारलं, काऊन खोटं बोल्ले? तं म्हने, पोरगा नवा आहे. एकदा नाव खराब झालं तं त्याच्या खुर्चीत कोणी बसाचं नाई."

त्या वर्षी शेठने त्यांच्या शेजारी दुसरा पारखी आणून बसवला होता. स्वतःची दाढ ज्याला सांभाळता येत नाही त्याच्या हाती माल कसा द्यायचा, असं शेठ चारचौघांत म्हणाला होता आणि लोक हसले होते. हे मलाही तेव्हाच कळलं होतं. सुपारीचं मात्र मला कुणी बोललं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. ज्याच्या शब्दावर बाजार चालायचा तो माणूस आयुष्यात एकदाच खोटं बोलला, माझ्यासाठी. त्यापायी त्यांनी अख्खा हंगाम मान खाली घालून काढला आणि माझ्या खुर्चीत पुन्हा येऊन बसले.

वहिनी म्हणाल्या, "आता काऊन उकरता, भाऊ? ते तं गेले." नाही वहिनी, हे मी लिहिणारच. दौलतभाऊंनी सुपारी फोडली नव्हती. त्यांची दाढ चांगली होती, ती मी दोनदा विनाकारण कोरली आणि माझ्या हाताने घालवली. खाली माझं नावही घालणार आहे. सिंदीच्या बाजारात जे जे तेव्हा हसले, त्यांना कुणीतरी हे मोठ्याने वाचून दाखवावं.