दारातलं लॉन मी उपटलं

बारामतीत आमचं रो-हाउस झालं, तेव्हा दारापुढं लॉन लावायला मीच सगळ्यांत पुढं होते. हे आधीच कबूल केलेलं बरं. प्रत्येक घरापुढच्या पट्ट्यात लॉन हवंच, असा कॉलनीचा नियम होता आणि मला तो आवडायचा. मी एका लॅबमध्ये रक्त तपासते. दिवसभर पांढऱ्या फरश्या आणि काचेच्या नळ्या. घरी येताना फाटकातूनच ती हिरवी चौकट दिसली की वाटायचं, आपण आता एका जागी टेकलो. माझे वडील चाळिशीपर्यंत मेंढरं घेऊन फिरले, मग इंदापूरकडच्या जिरायती रानात शेती करू लागले. पक्क्या घरात वाढलेली आमच्यातली पहिली माझी मुलगीच.

लॉननं मात्र मला टेकू दिलं नाही. त्याच्यासाठी आणलेल्या लाल मातीतून लव्हाळा आला. तो उपटून उपटून माझी बोटं सोलली, तेव्हा कुणीतरी तणनाशक सांगितलं. ते मारलं आणि आठवडाभर मुलीला अंगणात पाऊल टाकू दिलं नाही. लावलं होतं ते तिनं खेळावं म्हणून! उन्हाळ्यात दोन्ही वेळा पाणी. एक दिवस चुकला की कडा पिवळ्या. गावाकडं लग्नाला गेले तरी मांडवातून शेजारणीला फोन करायचे, "तेवढं लॉनला पाणी सोडा हो."

अशाच एका एप्रिलमध्ये आबा, म्हणजे माझे वडील, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडं येऊन राहिले. काळा चष्मा लावून ते पायरीवर बसायचे. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "तायडे, ह्याला बी कवा येतं?"

"बी येऊ द्यायचं नसतं आबा. त्याच्या आधीच कापायचं."

"जितराब खातं?"

"इथं कुणाचं आलंय जितराब?"

"मंग तुमी त्यावर बसता व्हय?"

"ओलं असतं. आणि दबतं."

कॉलनीची बोअर आटली होती, दिवसाआड टँकर यायचा. तो आला, टाकीत पाणी पडलं आणि मी पाइप उचलला. त्याच सकाळी गावाहून माझ्या वहिनीचा फोन आला होता. त्यांच्या वस्तीवरचा टँकर दोन दिवस आला नव्हता. आबांनी ते ऐकलं होतं.

"तिकडं तुजी वैनी घागर घिऊन उन्हात हुबी हाय," ते म्हणाले, "न् हितं ह्येला आंगूळ."

रागानं नाही म्हणाले. रागानं म्हणाले असते तर मी भांडले असते. मी पाइप हातात धरून उभी राहिले आणि मग नळ बंद केला. त्या क्षणी मी काहीच ठरवलं नव्हतं. फक्त संध्याकाळी नळ उघडला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दोन आठवड्यांत लॉनचा वाळका काथ्या झाला. मग एका रविवारी मी आणि नवऱ्यानं ते कुदळीनं उपटून काढलं. खाली मातीत ते बसवताना अंथरलेल्या प्लास्टिकच्या जाळीचे तुकडे होते आणि एकही गांडूळ नव्हतं.

पुढं काय लावायचं ते आबांनी ठरवलं. डोळा बरा झाल्यावर ते माझ्या नवऱ्याला घेऊन डाळजला एका जुन्या सोबत्याकडं गेले. उजनी धरणाचं पाणी मागं सरकलं की तिथं काठाच्या भेगाळलेल्या मातीवर एक बुटकी वेल पसरते. बारीक पानांची, पांढरट जांभळ्या फुलांची. तिला जलपिंपळी म्हणतात, हे मला नंतर कळलं. आबांना नाव ठाऊक नव्हतं. मेंढरं तिच्यावरनं गेली तरी ती मरत नाही, एवढं ठाऊक होतं. तिची एक गोणी आली, आणि येताना वाटेतल्या माळावरून मारवेलाचे ठोंब. हे मेंढरांचं आवडतं गवत. मारवेल भिंतीच्या कडेनं लावला, वेल मधोमध. दाराजवळ हातभर जागा चोपून शेणानं सारवली. पाणी घातलं ते तांदूळ आणि भाजी धुतलेलं.

महिनाभर ते खरोखर वाईट दिसत होतं. मग वेलीनं जमीन धरली, आणि कॉलनीच्या कमिटीचं पत्र आलं. घरापुढील जंगली वाढ काढून पूर्ववत लॉन करावं. सेक्रेटरी हे निवृत्त अधिकारी होते. स्वभावानं मऊ, पण शिस्तीचे. त्यांनी मला मीटिंगला बोलावलं.

"मॅडम, साप येतील. आणि एकसारखेपणा जातो हो कॉलनीचा."

"एकसारखेपणाला टँकर लागतो, काका," मी म्हणाले. "माझ्या अंगणाला लागत नाही."

"नियम आहे."

"आहे ना. मी तो मोडलाय, आणि मुद्दाम मोडलाय. लिहून घ्या."

लॅबमध्ये डॉक्टरांपुढंसुद्धा मी कधी असं बोलले नव्हते. समोर कमिटीत माझी शेजारीण बसली होती. आम्ही रोज सकाळी बरोबर फिरायला जायचो. ती मान खाली घालून साडीचा पदर चाळवत राहिली.

पुढच्या रविवारी सकाळी फाटकाशी टेम्पो उभा राहिला. त्यात लॉनच्या गुंडाळ्या, चार मजूर आणि त्यांचा मुकादम. सेक्रेटरी बरोबर होते. "कमिटीतर्फे बसवून देतो, तुम्हाला त्रास नको," असं म्हणाले. नवरा माळेगावला कारखान्यात ड्यूटीवर होता. मी फाटकाला आतून कडी घातली आणि पिठाच्या हातांनीच तिथं उभी राहिले. आबा पायरीवरून उठले नाहीत.

मुकादम भिंतीवरून आत बघत होता. बघता बघता त्यानं डोक्याचा रुमाल काढला. "आबा, हा मारवेल कुटनं आणला?"

"डाळजच्या वाटंनं. तुमी कुटलं?"

त्यानं इंदापूर तालुक्यातल्या एका वाडीचं नाव सांगितलं. त्याचे वडीलही मेंढरांमागं फिरलेले निघाले. दोघं भिंतीच्या दोन बाजूंनी बोलत राहिले. कुठल्या माळावर हे गवत कमरेएवढं व्हायचं, कुठं आता प्लॉट पडलेत. मजूर टेम्पोच्या सावलीला बसले. सेक्रेटरी घड्याळ बघत होते.

"अहो, काम सुरू करा!"

मुकादम वळला. "सायेब, कुटं बी खांदायला सांगा. ह्ये मी खांदणार न्हाय."

"का? पैसे दिलेत ना?"

"दिल्यात. तुमचं लॉन दुसरीकडं बशिवतो. पर ह्ये न्हाय."

सेक्रेटरींनी माझ्याकडं बघितलं. मी कडीवरचा हात काढला नाही. शेवटी त्या गुंडाळ्या कॉलनीच्या मुख्य फाटकाशी नेऊन बसवल्या.

यानंतर मी जिंकले असं कुणाला वाटेल. तसं झालं नाही. वार्षिक सभेत मी मागणी मांडली, की टँकरचं पाणी लॉनला घालू नये. माझ्या बाजूनं हात वर झाले ते सात. बाकी सगळे विरुद्ध. शेजारणीचा हात विरुद्ध होता आणि तेव्हापासून आमचं सकाळचं फिरणं बंद झालं. त्याचं मला अजून वाईट वाटतं. पलीकडच्या गल्लीतल्या दोन घरांनी मात्र वेलीची कलमं मागून नेली. आबा गावी परतले, तोवर मारवेलाला तुरे आले होते आणि त्यांवर मुनिया पक्ष्यांचा थवा उतरायला लागला होता. साप अजून तरी आलेला नाही. आला तर त्याचं तो बघेल आणि माझं मी.

आमच्या भिंतीबाहेर, रस्त्याच्या कडेला, कॉलनीच्या लॉनचा एक लांब पट्टा होता. या मे महिन्यात तो पूर्ण जळाला. नवीन लॉन बसवण्याचं पत्रक फळ्यावर लागलं. मी एका शनिवारी डाळजला गेले आणि वेलीचं एक पोतं भरून आणलं. ती जागा माझी नाही. मी कुणाला विचारलंही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता, सगळे गॅलरीत चहा घेत असताना, टिकाव घेऊन बाहेर आले आणि आमच्या फाटकापासून वेल लावायला सुरुवात केली.