राणीच्या गोठ्यातला सिंगल लेग

"म्याडम, पाय एकदम ओक्के हाय. पन म्हैस बिघडली," चाँदभाई फोनवर म्हणाले.

मी फिजिओथेरपिस्ट. राहुरीत छोटं क्लिनिक आहे. म्हशी माझ्या सिलॅबसमध्ये नव्हत्या. पण हे प्रकरण मीच सुरू केलेलं, त्यामुळे स्कूटी काढली आणि कालव्याच्या कडेनं त्यांच्या वस्तीवर निघाले.

चाँदभाई मोटरसायकलवरून पडले होते. डाव्या पायाचं प्लास्टर निघालं तेव्हा मांडी वाळून काठी झालेली. त्यांना चालायची घाई नव्हती, उकिडवं बसायची होती. त्यांची म्हैस राणी, पारडू गेल्यापासून फक्त त्यांच्याच हाताला पान्हा सोडायची. त्यांच्या बायको शमीमभाभी नवऱ्याचा शर्ट घालून धार काढायला बसल्या, तर राणीनं बादलीच उडवली. असंच चाललं तर म्हैस आटणार, आणि घर तर तिच्याच दुधावर चालायचं.

मी सिंगल लेगचे व्यायाम दिले. दोन्ही पायांवर उठबस केली की चांगला पाय सगळं काम उरकतो आणि दुबळा पाय जावयासारखा बसून राहतो. म्हणून बाजेवर बसायचं, उजवा पाय उचलायचा आणि नुसत्या डाव्यावर उठायचं. आधाराला काहीतरी पक्कं धरा, हे मी बजावलं. चाँदभाईंना म्हशीइतकं पक्कं काही सापडलं नाही. रोज धारेआधी बाज तिच्या शेजारी, हात तिच्या पाठीवर आणि उठबस; मग बाजेवरूनच वाकून जमेल तेवढी धार. हळूहळू पाय भरला. ते उकिडवे बसून धार काढू लागले, तेव्हा मला इतका आनंद झाला की मी क्लिनिकमध्ये सगळ्यांना भेळ दिली.

पाय बरा झाला तसा व्यायाम बंद. सगळे पेशंट हेच करतात, माझं डोकं फिरतं. पण इथं राणीनंही पान्हा चोरला. जनावरांचे डॉक्टर येऊन गेले, त्यांना काही सापडलं नाही.

मी पोचले तेव्हा चाँदभाई आचळं ओढत होते. थेंब नाही. राणी मान वळवून कोपऱ्यात उभ्या केलेल्या बाजेकडे बघत होती. अग्गोबाई, म्हटलं, असं आहे होय!

"चाँदभाई, बाज टाका. व्यायाम करा."

"आता कशापायी? पाय तर बरा झालाय."

"पायासाठी नाही. हिच्यासाठी."

कुरकुरत ते एका पायावर उठले, बसले, परत उठले. राणी निवांत रवंथ करू लागली. मग बादलीत सर्रकन धार पडली. भाभी पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की खालीच बसल्या.

पुढे चाँदभाई लग्नाला नेवाशाला गेले, तेव्हा भाभींनी पुन्हा त्यांचा शर्ट चढवला, बाज टाकली आणि एका पायावर उठबस केली. राणीनं निमूट दूध दिलं. आता दोघं आळीपाळीनं करतात. भाभींचे गुडघे दुखायचे, तेही कमी झालंय.

पेशंटनं व्यायाम सोडू नये म्हणून मी वर्षानुवर्षं घसा कोरडा केला. राणीनं एक शब्द न बोलता जमवलं. प्रत्येकाला चिठ्ठीवर म्हैस लिहून देता येत नाही, एवढीच अडचण आहे.