थांबा न धरता अकरा तास

विमानाच्या तिकिटांच्या दुकानात खिडकीपाशी बसणाऱ्या त्या माणसाला सगळे मास्तर म्हणायचे. शिकवलं कोणालाच काही नाही. पण कुठल्याही दोन विमानतळांची नावं घ्या, अंतर आणि वेळ जिभेवर तयार. स्वतः मात्र जन्मात विमानात पाय ठेवला नव्हता. आता बोला!

एक खोड होती. मधला थांबा तो कधी धरायचाच नाही. पंधरा तास म्हटलं की गिऱ्हाइकाच्या पोटात गोळा येतो, म्हणून नुसता हवेतला वेळ सांगायचा. तिकिटावरच्या वेळा दोन देशांच्या, त्या कोण जुळवत बसतो? वीस वर्षं ही लबाडी बिनबोभाट खपली.

मग एका सकाळी दादाचा फोन आला. दादा म्हणजे थोरला भाऊ, नऊ हजार किलोमीटरवर हॉस्पिटलात, अगदी शेवटाला आलेला. वेदना सोसवत नव्हत्या. डॉक्टर झोपेचं औषध देणार होते, पण ते दिलं की पुन्हा शुद्ध येणार नव्हती. आईला बघितल्याशिवाय घेणार नाही, म्हणून दादा अडून बसला होता.

"आई कधी पोचेल रे?"

"आत्ताच उडालं विमान. अकरा तास," मास्तर बोलून गेला. चार तासांचा थांबा सवयीने गिळला. वर दादाला धीर दिला म्हणून त्याला बरंही वाटलं. काय म्हणावं अशा माणसाला!

दुपारी मधल्या विमानतळावरून आईचा फोन आला. "अरे, अजून तीन तास इथेच बसवणार म्हणे. दादाला तेवढं कळव."

अकरा तास सांगून बसलेल्या मास्तरने घाईघाईने वहिनीला फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. हॉस्पिटलात लावला, कोणीतरी निरोप देतो म्हणालं आणि ठेवून दिला. समोर गिऱ्हाईक ताटकळतच राहिलं. पाच वाजता आईचं दुसरं विमान सुटलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर ते गोगलगायीसारखं समुद्रावरून सरकत होतं, आणि मास्तर पुन्हा पुन्हा वहिनीचा नंबर फिरवत होता.

संध्याकाळी वहिनीनेच फोन केला. अकरा तासांवर वीस मिनिटं उलटली होती.

"भाऊजी, आई निघाल्याच नाहीत का?"

"निघाली, वहिनी. येतेय. अजून चार तास. औषध देऊ नका."



"तुमच्याशी बोलल्यापासून मला घड्याळ समोर धरायला लावलं होतं त्यांनी," वहिनी म्हणाली. "दातावर दात धरून अकरा तास काढले. मग म्हणाले, धाकट्याची वेळ कधी चुकत नाही. आईलाच यायचं नसेल. आणि औषध मागितलं."

"कधी दिलं?"

"दहा मिनिटं झाली."