बिरप्पाच्या वाटणीची भाकरी

"डिसेंबरात अफजलपूरला कोण सहलीला जातं?" आमच्या ह्यांनी विचारलं. प्रश्न रास्तच होता. रत्नागिरीत दारासमोर समुद्र असलेली बाई कर्नाटकात भीमेकाठी काय शोधणार? पण बाबा गेले आणि त्यांच्या ट्रंकेत एक फोटो निघाला. नेव्हीच्या पांढऱ्या गणवेशातली दोन पोरं, मागे विमानाचं शेपूट. एक बाबा, विमानांचे मेकॅनिक. दुसरा बिरप्पा, विमानातला वायरलेसवाला, वय एकवीस. एकाहत्तरच्या लढाईत त्याचं विमान अरबी समुद्रावर गेलं ते परतलंच नाही. निघण्याआधी ते बाबांनीच तपासलं होतं. "त्याच्या घरी कोणत्या तोंडानं जाऊ?" असं म्हणत बाबांनी पन्नास वर्षं काढली. फोटोमागे गावाचं नाव होतं. म्हटलं, तोंड माझं आहे ना, मीच जाते.

सोलापूरहून अफजलपूरची बस धरा. दोन-अडीच तास लागतात, तिकीट अगदी किरकोळ. उसाच्या ट्रॉल्या पुढे आल्या की मात्र देवाचं नाव घ्यायचं, घड्याळाकडे बघायचं नाही. बसमधल्या शेजारच्या आजोबांना फोटो दाखवला. "नेव्हीवाला बिरप्पा? त्याची भैण हाय की, मायक्का. आज शेतातच घावंल. येळवस न्हाई का!"

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. अख्खं गाव शेतात जेवतं. मला पत्ताच नव्हता! तुम्ही जाणार असाल तर हाच दिवस गाठा, डबा मुळीच नेऊ नका. रिक्षातून उतरून बांधावरून चालले, तर तीन शेतांतून हाका आल्या, "ओ अक्का, जेवून जावा की!"

मायक्का सत्तरीची. कपाळभर कुंकू, गुडघे धरलेले, आवाज मात्र खणखणीत. फोटो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला. मग पदरानं फोटो पुसून म्हणाली, "कान बघ कसे हायेत. सगळे चिडवायचे." आणि रडली. मीही रडले, लपवायचं काय त्यात? विमान बाबांनीच तपासलं होतं, तेही सांगितलं. "तुझ्या बापाचा काय दोस गं," ती म्हणाली. "आला आस्ता तर जेवू घातलं आस्तं."

मग वांगी, ओले दाणे, पालेभाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, आंबील, तिळाची कडक भाकरी. वांग्याच्या भरिताला आयुष्यभर नावं ठेवणारी मी, भज्जीपुढे शरण गेले. जेवणं उरकल्यावर मायक्कानं एक भाकरी वेगळी बांधली. "बिरप्पाची. दर येळवशीला भीमंत सोडायलाव. तार आली तवापासून. भीमा समुद्राला मिळती, त्येला पोचती."

भीमा पूर्वेला जाते हो! कृष्णेला मिळून पार बंगालच्या उपसागरात. आणि बिरप्पा पश्चिमेला, माझ्या घरापुढच्या पाण्यात. पन्नास भाकऱ्या भलत्याच समुद्रात गेल्या, हे सत्तरीच्या बहिणीला सांगायचं की गिळायचं? नदीपर्यंत गिळलं. काठावर तिनंच विचारलं, "तुझा बाप नेव्हीत त्येच्या संगं व्हता, तुला ठावं आसंल. पोचत आसंल का गं?" बाबांसारखं मला पन्नास वर्षं गप्प राहायचं नव्हतं. सांगून टाकलं.

मायक्कानं पाण्याकडे पाहिलं. मला वाटलं, मेलीस बाई, काय करून बसलीस!

"तुज्या घरापसून दिसतो का तो समुद्र?"

"दारातूनच."

"मग बरं झालं." तिनं भाकरी मोडली. अर्धी भीमेत सोडली, नदीला म्हणाली, "पन्नास वर्सं घेतलीस, आता तुला कामून न्हाई म्हणू." अर्धी माझ्या पिशवीत घातली. मग काठी रोवली, तोंडाशी हात धरले आणि हाळी दिली, "बिरप्पा हो ऽऽऽ!" एवढ्याशा देहातून असा आवाज! पलीकडच्या काठावरची मेंढरं थबकली. ती हाळी तिनं एकदाच दिली आणि तशीच उभी राहिली. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. काठीवर रेलली, तरी बसेना.

"अक्का, बसा की."

"आमी धनगर हाव, बाई. चुकल्या कोकरामागं पळायचं न्हाई, पळलं की ते आनिक लांब जातंय. हाळी द्यायची आन जागा सोडायची न्हाई. ते आवाजाकडं येत आस्तंय, आपुनच हललो तर कुटं येईल?"

मी दिशा मोजत बसले होते, आणि ही बाई पन्नास वर्षं जागा धरून उभी होती. तिच्यापुढे मला फार फार लहान वाटलं.

परतताना गुलबर्ग्याहून गाडी घेतली आणि तूरडाळही. कडक भाकरी महिनाभर टिकते, ही चार दिवसांत कशाला मऊ पडते!

घरी आल्यावर संध्याकाळी ह्यांना घेऊन किनाऱ्यावर गेले. भेळ खाणारी माणसं बघत होती. बघू देत. अर्धी भाकरी पाण्यात सोडली आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "बिरप्पा हो ऽऽऽ!"

"चल आता," हे म्हणाले.

"थांबा," म्हटलं. "आत्ताच तर हाक मारलीय."