छब्बीसची स्पीड

इतवारीत, भांडेवाल्यांच्या गल्लीत, एका पितळेच्या दुकानाच्या वरच्या माळ्यावर बळीराम गजभिये मास्तरचा टायपिंगचा क्लास होता. बारा मशिनी, बारा स्टूल, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो अन् दारामागं एक छडी. छडीनं त्यानं कधी कोणाले मारलं नाही. टेबलावर ठोकून ताल धराले ठेवली होती ती.

खाली दिवसभर हातोडे, हातगाड्या, हमालांच्या शिव्या. त्या गदारोळात मास्तर खिडकीकडं तोंड करून पेपर वाचत बसे, अन् मागं न पाहता ओरडे, "सात नंबर! ए दबला नाही बरोबर. करंगळी घरी ठेवून आला काय गा?" सात नंबरचा पोट्टा कागद पाहे, तं खरंच ए फिक्का. पोट्टे म्हणत, मास्तरच्या डोक्याच्या मागं डोळे आहेत. डोळे नव्हते. कान होते. तीस वर्षं झाले होते त्या कानाले.

अन् कायदा एक. मिनिटाले तीस शब्द. त्याच्या खाली मास्तर कोणाले पास म्हणे नाही. सरकारी परीक्षेचा फारम भराच्या आधी मास्तरची परीक्षा. त्याचा सख्खा साळा उनतीसवर अडकला अन् रडाले लागला, तं मास्तर म्हणे, "रडून एक शब्द वाढते काय? बस परत." साळा दोन वर्षं घरी आला नाही.

पोरगा एकच, नागसेन. सात वर्षांचा झाला तसा मास्तरनं त्याले मशीनवर बसवलं. पहिला धडा साऱ्यायले तोच असे: ए एस डी एफ जी एफ, सेमीकोलन एल के जे एच जे. डाव्या हाताचे सहा, उजव्या हाताचे सहा. महिनाभर तेच, पानामागं पान. नागसेननं चार दिवस केलं, पाचव्या दिवशी पतंगीमागं पळाला. मास्तर म्हणे, "याच्या बोटाईत टायपिंग नाही." झालं. मास्तरचा शब्द म्हणजे शिक्का.

पोट्टा हुशार निघाला पण. पॉलिटेक्निक केलं अन् सीताबर्डीवर भैय्याजीच्या कॉम्प्युटरच्या दुकानात लागला. अठ्ठ्याऐंशीच्या थंडीत त्यातलीच एक मशीन कामासाठी टिमकीतल्या घरी घेऊन आला. काळा पडदा, हिरवे अक्षरं. सारा मोहल्ला पाहाले आला. एक म्हातारी तं हात जोडून गेली. नागसेन बसला अन् दोन बोटांनी सुरू झाला. टक. टक-टक. टक.

मास्तरच्याच्यानं पाहावलं नाही. "कोंबडी दाणे टिपून राहिली काय? टायपिंग मास्तरचा पोरगा अन् दोन बोटं!"

नागसेन हसून म्हणाला, "बाबा, हे बोटं मोजत नाही. पाच वर्षं थांबा. तुमच्या बाराच्या बारा मशिनी खालच्या पितळवाल्याकडं भंगारात जातीन. पुढं टायपिंग हेच डबडं शिकवीन."

बोलून गेला पोट्टा. चोवीसच्या वयात जीभ पायाच्या पुढं पळते. पण मास्तरले ते लागलं. "मंग या डबड्यालेच बाप म्हण," इतकं बोलला अन् उठला.

तवापासून आठ महिने बापलेक बोलले नाहीत. जेवाले संगच बसत. "माय, बाबाले सांग, मीठ सरकवा." "भागीरथा, त्याले सांग, मीठ त्याच्याच पुढं आहे." माय भागीरथा मधात बसून म्हणे, "मी बाई टेलिफोनची तार झाली." हसे, पण पदरानं डोळे पुसे. रोज सात वाजता नागसेन दुकानातून येई, आतल्या खोलीचं दार लोटून मशीन सुरू करे, अन् मास्तर चपला घालून गांधीबागेत जाई. तो टकटक आवाज कानावर नको म्हणून. खोलीतला लाईट बुजला का मंग घरी.

ऑगस्टात मौद्याहून येताना नागसेनच्या लुनाले ट्रकनं उडवलं. जागच्या जागी गेला.

पुण्यानुमोदनाची वंदना झाली, लोकं गेले. आतल्या खोलीत ती मशीन राहिली, वर भागीरथानं टाकलेली चादर. मंग भैय्याजी आला. माणूस वाईट नव्हता. बसला, पाणी पेला, अन् मान खाली घालूनच बोलला.

"मास्तर, मशीन दुकानाची आहे. कळमन्याच्या एका आडत्यानं मांगितली. रविवारी न्या लागते."

"न्या."

"पण आत नागसेनचं काही आहे. आठ महिन्यांपासून करून राहिला होता. विचारलं तं सांगे नाही, हसे. कुलूप लावून ठेवलं त्यानं. सुरू केली का पासवर्ड मांगते."

"तं उघडा ना. तुमी दुकानदार."

"साधं कुलूप असतं तं मी फ्लॉपी टाकून उघडलं असतं. हे त्यानं सोता लिहिलं. आतला सारा माल गुंडाळून ठेवला. शब्द माहीत नसंल तं पुसून टाका लागते सारं. साफ."

भैय्याजी गेला तसा मास्तरनं चादर काढली. त्याले दुसरं काही नको होतं. आठ महिने त्या दाराआड पोट्टा काय करून राहिला होता, अन् जाताना बापावर राग घेऊन गेला काय, इतकंच पाह्यचं होतं. रविवारले चार दिवस होते.

भैय्याजीनं बटन दाखवून ठेवलं होतं. हिरवी रेघ लुकलुक कराले लागली. मास्तरनं नागसेनचं नाव टाकलं. नाही. भागीरथाचं टाकलं. नाही. जन्मतारीख, लुनाचा नंबर, टिमकी, दुकानाचं नाव. तीनदा चुकलं का मशीन बंद होई. परत सुरू करा, परत तीनदा चुका. दोन दिवस क्लासले कुलूप. खाली पितळवाला विचारे, "मास्तर बिमार आहे काय?"

तिसऱ्या दिवशी मास्तरले वाटलं, आपण कानाचे माणूस, कानानं पाहू. नागसेनची टकटक आठवली. दोन बोटांची, अडखळत चाललेली. मंग तीस वर्षं ज्यानं हजार पोट्ट्यायचे हात सरळ केले, तो मास्तर दोनच बोटं काढून कोंबडीवानी टोचत बसला. टक. टक-टक. टक. पोरासारखं वाजवलं का अक्षर आपोआप सापडीन, असं त्याले वाटलं. सकाळपासून दुपार झाली. एकदा तं त्यानं मशीनच्या डोक्यावर थापड मारली, अन् मंग तिथंच हात फिरवत बसला.

भागीरथा दारात परातीत तांदूळ निवडत बसली होती. शाळेचं तोंड पाह्यलं नव्हतं तिनं. पण तीस वर्षं एक वाजता डबा घेऊन क्लासच्या दारात बसली होती.

"अजी," ती म्हणाली. "तसं नाही वाजे ते."

"काय नाही वाजे?"

"तुमी वाजवून राहिले तसं. ते पह्यले वाजे. होळीच्या आधी. मंग बदललं."

"काय बदललं? बोटं तेच ना त्याचे."

"मले काय कळते? तुमी गांधीबागेत राहत. मी इथं चुलीपाशी. रोज बसला का पह्यले असं वाजवे, मंग दुसरं."

अन् तिनं तांदूळ बाजूले सारून परातीच्या काठावर बोटं मारले. टक टक टक टक टक टक. थांबली. टक टक टक टक टक टक. सारखं. एकाले एक लागून. ना घाई, ना अडखळ.

मास्तरनं बोटं मशीनवरून उचलले. असा ताल दोन बोटांत येत नाही. दहाई बोटं जागेवर बसले का येते. डाव्या हाताचे सहा, उजव्या हाताचे सहा. हजार वेळा छडीनं टेबलावर ठोकलेला ताल, अन् त्याले वळखू आला तो परातीवर.

"हा तं पहिला धडा होय वं," तो म्हणाला.

त्यानं हात ठेवले. डोळे मिटले. ए एस डी एफ जी एफ. सेमीकोलन एल के जे एच जे.

मशीन उघडली.

वर इंग्रजी अक्षरात नाव आलं: गजभिये टायपिंग इन्स्टिट्यूट, इतवारी. खाली ओळ आली, अक्षरं इंग्रजी पण बोली घरची: "मास्तर आले. सरळ बस." मास्तरनं खरंच पाठ सरळ केली. एक बटन चुकून दबलं, तशी मशीन टूँ वाजली अन् लिहून आलं: "भैताडा, बोटाकडं काय पाहून राहिला? बोटं पळून जाऊन राहिले काय?" दुसऱ्यांदा चुकलं तं: "करंगळी घरी ठेवून आला काय गा?"

"काय लिहिलं?" भागीरथानं विचारलं.

मास्तरनं वाचून दाखवलं. ती हसली. हसता हसता तोंडात पदर कोंबला तिनं.

नागसेननं डबड्यात बाप बसवून ठेवला होता. जशाचा तसा. एक शिवी चुकली नव्हती.

आतमधी एक यादी होती. विद्यार्थी एकच: नागसेन बळीराम गजभिये. तारीख, धडा, स्पीड, निकाल. फेब्रुवारीत आठ, नापास. मार्चात तेरा, नापास. मे महिन्यात उन्नीस, नापास. रोजचं. एक दिवस खाडा नाही. जो पोट्टा चार दिवसांत पळाला होता, त्यानं सहा महिने दार लोटून, बाप घराबाहेर गेला का बापाच्याच शिव्या खात, दहाई बोटं शिकून घेतले होते. शेवटची तारीख मौद्याले गेला त्याच्या आदल्या दिवसाची. छब्बीस. नापास. त्यानं सोतालेही तीसच्या खाली सोडलं नव्हतं.

"तीस झाले असते तं दार उघडलं असतं त्यानं," भागीरथा म्हणाली. मंग जवळ सरकली. "अजी, तुमी बसा ना. तुमचे तं साठ-सत्तर होतात. त्याच्या नावावर एक बार तुमी करा. पास लिहून येऊ द्या त्याले."

मास्तरनं हात ठेवले मशीनवर. दहाई बोटं जागेवर. एका मिनिटाचं काम होतं. त्या हातांनी दुसऱ्याच्या जागी परीक्षा दिली नव्हती कधी, साळ्यासाठीही नाही. पण आज ते मशीनवरून हटत नव्हते, अन् हटत नव्हते म्हणूनच भागीरथाले वाटलं, आता हा करते.

त्यानं हात उचलले.

"नाही वं. छब्बीस त्याचे आहेत. सत्तर माहे. माहे टाकले तं त्याचे पुसले जातीन."

भागीरथा रागानं उठून गेली. दोन दिवस तिनं त्याले जेवाले वाढलं, पण बोलली नाही. घरात परत मीठ मधात पडून राहिलं.

रविवारी भैय्याजी आला. सारं पाहून खुर्चीवर बसूनच राहिला. मंग म्हणाला, "मास्तर, हे विकता येते. मुंबई-पुण्याच्या क्लासवाले घेतीन."

"मशीन न्या म्हटलं ना. ते फक्त मले एका फ्लॉपीत भरून द्या."

"फ्लॉपी घेऊन काय करसान? मशीन नाही तुमच्याकडं."

"ठेवीन."

सोमवारी क्लास उघडला. पोट्टे वर आले तं बारा नंबरच्या मशीनवर झाकण घातलेलं अन् त्याच्यावर एक काळी फ्लॉपी. हजेरीच्या रजिस्टरमधी बारा नंबरपुढं नवं नाव लिहिलेलं. एक नवा पोट्टा, भंडाऱ्याकडला, त्याले काही माहीत नव्हतं, त्यानं झाकणाले हात लावला.

"सर, हे रिकामं आहे ना? बसू?"

मास्तर खिडकीकडं तोंड करून बसला होता. मागं न पाहता बोलला.

"नोको. तिथं बसते एक पोरगा. त्याचे चार शब्द बाकी आहेत."

मंग त्यानं दारामागची छडी काढली अन् टेबलावर सहा ठोके मारले. थांबला. पुढचे सहा त्याच्याच्यानं मारावले नाहीत. अकरा मशिनींवर पोट्टे हात उचलून वाट पाहत राहिले.